दाराशी काढलेले बूट

गिऱ्हाइकाला पोलिसांनी इंगेलाच्या दारातच पकडलं आणि खाली गाडीत नेऊन बसवलं. मग रूने नावाचा हवालदार जबाबासाठी एकटाच तिच्या घरात शिरू लागला.

“बूट काढा, साहेब. घर आहे हे.”

स्टॉकहोममध्ये एवढी रीत पोलिसालाही मोडवत नाही. त्यानं ओशाळून बूट दाराशी काढले.

“घाबरू नका, बाई. इथल्या कायद्यानं शरीरसुख विकत घेणारा तो गुन्हेगार, विकणाऱ्या तुम्ही नाही. फक्त घरमालकाला कळवावं लागेल. तो तुम्हाला बाहेर काढेल, नाहीतर तोच दलाल ठरेल.”

“या थंडीत?”

“माझा नाइलाज आहे.”

इंगेलानं खिडकी उघडली आणि त्याचे बूट तिसऱ्या मजल्यावरून खाली भिरकावले.

“घाबरू नका, साहेब. गुन्हेगार तुम्हीही नाही. फक्त बर्फात मोज्यांवर चालावं लागेल.”