ड्रॉवरची किल्ली

अमेरिकेत, अर्विंगमधल्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत त्या रविवारी शास्त्रवाचनाची पाळी आन्याची होती. इथेच जन्मलेली माझी लेक मराठी वचनं इंग्रजी अक्षरांत लिहून आणते. राजाला त्याचं पाप तोंडावर सांगणाऱ्या नाथान संदेष्ट्याची गोष्ट तिने अडखळत वाचली. सगळे 'आमेन' म्हणाले, तरी ती जागची हलेना. वडिलांकडे वळून तिने विचारलं, "पपा, तू मार्थामावशीचा पासपोर्ट का लॉक केलास? शी वॉन्ट्स टू गो होम." आम्ही नगरहून घरकामाला आणलेली मार्था मागच्या बाकावर अंग चोरून बसली होती. मंडळीचे सेक्रेटरी असलेले हे माझ्यावर खेकसले, "तिला खाली बसव!" दोन वर्षं पासपोर्टच्या ड्रॉवरची किल्ली माझ्याच पर्समध्ये होती. मी उठले, मागच्या बाकाशी गेले आणि किल्ली मार्थाच्या तळहातावर ठेवली. तिने आधी ह्यांच्याकडे पाहिलं. मग मूठ मिटली.