कटकटीची व्युत्पत्ती

सांगलीला मोतीबिंदू काढून सुमंतशास्त्री वाईस घरी परतले, तेव्हा त्यांच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती आणि ती सुटेपर्यंत अंथरुणावरून हलायचे नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती. उशाशी बसलेल्या त्यांच्या पत्नी विनोदिनीबाईंचा अडकित्ता मात्र अखंड चालू असे. एका दुपारी शास्त्रीबुवा वैतागले.

"काय ही कटकट!"

"तुमच्या संस्कृतात हिचा धातू कोणता हो?"

"धातू कसला? हे नुसते ध्वनीचे अनुकरण. एका वस्तूवर दुसरी आपटली, की कट कट. तोच आवाज पुढे त्रासाचे नाव झाला. आवाज थांबला, की कटकट संपली."

"बरं झालं सांगितलंत," म्हणून बाईंनी अडकित्ता मिटला.

खोली निःशब्द झाली. शास्त्रीबुवांनी विष्णुसहस्रनाम आरंभले आणि जन्मात प्रथमच त्यांचे एक नाम चुकले. पट्टीआडच्या अंधारात बाई बसल्या आहेत की उठून गेल्या, काही उमगेना.

"अगं, आहेस ना?"

"इथंच आहे, उशाशी."

शास्त्रीबुवांनी घसा साफ केला. "त्या व्युत्पत्तीत माझी जरा घाईच झाली. तू आपली सुपारी कातर."

अडकित्ता पुन्हा वाजू लागला. शास्त्रीबुवांनी सुखावून हात पुढे केला. "दे बघू एक खांड."

"सुपारी कुठली? ती आपण सांगलीहून आलो त्याच दिवशी संपली," बाई म्हणाल्या, आणि अडकित्ता चालूच राहिला.