पोलादातली खळी

वजुबापांनी भिंतीकडे तोंड करून सांगितलं, “तिला म्हणावं, आधी मशीनचा प्लग काढ. मग कटर बसव.”

उंबऱ्यात बसलेल्या लाभुबांनी ते सुनेपर्यंत पोचवलं. “प्लग काढायला सांगतायत.”

“काढलाय बा,” घुंघटाआडून रसीला सासूकडे वळून कुजबुजली.

“काढलाय म्हणते.”

दुपारचं राजकोट झोपलं होतं. गल्लीतली सगळी शटरं खाली. आतल्या खोलीत झोळीत बाळ होतं आणि झोळीची दोरी लाभुबांच्या हातात.

व्हाइसमध्ये आवळलेल्या पोलादी ठोकळ्यात बाहुलीचा चेहरा कोरलेला होता. उलटा. नाकाच्या जागी खड्डा, आणि गालावर खळी पडायची तिथं मोहरीएवढा उंचवटा. त्या दाण्याच्या भोवतीचं पोलाद अजून थोडं घासायचं राहिलं होतं. कटर जरा घसरला की दाणा गेला, आणि गेलेलं पोलाद काही परत येत नाही. संध्याकाळी खेळणीवाले ही डाय, म्हणजे हा साचा, न्यायला येणार होते. वजुबापांची बोटं मशीन धरून धरून पार बधिर झालेली, त्यांना तो दाणा हाताला लागतच नव्हता. घरात बारीक हात उरला होता तो मोत्यांची तोरणं विणणाऱ्या रसीलाचा.

“कटरची दांडी पूर्ण आत घाल म्हणावं. दोन्ही पान्यांनी आवळ. आणि आता तो घुंघट काढ.”

झोळीची दोरी थांबली.

“सासऱ्यासमोर?” लाभुबा म्हणाल्या. “लग्नापासून तिनं तुम्हाला नखसुद्धा दाखवलं नाही.”

“या मशीनला सासरा कळतो होय? पदराचं टोक सापडलं की डोक्यासकट ओढून घेईल. माझ्या सदऱ्यांच्या बाह्या का कापून टाकल्यात? हौस म्हणून?”

“मला वाटलं, उकडतं म्हणून.”

रसीला हसली असावी, कारण पदर थरथरला. मग तिनं तो डोक्यावरून खाली ओढला, कमरेला घट्ट खोचला, वेणी गुंडाळून पिना लावल्या. वजुबापा व्हाइसकडेच बघत राहिले. न बघताच त्यांनी तिच्या बाजूला चष्मा सरकवला.

तिनं चष्मा चढवला, प्लग लावला, मशीन दोन्ही हातांनी धरलं, तोंडापासून लांब, आणि बटण दाबलं.

आवाज दातांत शिरला. मनगटातून कोपरात, कोपरातून छातीत. केवढंसं ते मशीन, आणि त्याच्या पोटात जणू सगळ्या गल्लीची वीज येऊन बसली होती. तिनं कटर पोलादाला नुसता टेकवला आणि पोलाद चांदीच्या भुशासारखं उडू लागलं. इतकं कठीण काहीतरी आपल्या हाताखाली मऊ पडतंय, यावर तिचा विश्वास बसेना. तिनं थोडं आणखी दाबलं. आवाज बसला.

“दाबू नको म्हणावं!” वजुबापा ओरडले.

“काय?” लाभुबा ओरडल्या.

“दाबू नको!”

“कोण बाबू?”

“वहू!” वजुबापा थेट सुनेकडे वळले. “दाब सोड! कापायचं काम त्याचं, तू फक्त वाट दाखव!”

तिनं दाब सोडला. आवाज पुन्हा वर चढला.

हळूहळू ती दाण्याजवळ आली. आणि बघते तर चेहरा खोल नव्हता. ठोकळ्यातून वर आला होता, भरल्या गालांचा, आणि तिच्याकडे बघत होता. ती डावीकडे झुकली, तर तोही वळला. उजवीकडे झुकली, तर उजवीकडे. दाणा आता दाणा दिसेना, गालावर खरीच खळी पडलेली दिसली. नेमकं पोलाद कुठं आहे तेच कळेना.

तिनं बटण सोडलं. कटर फिरायचा पूर्ण थांबेपर्यंत मशीन हातात धरून ठेवलं. मग खाली ठेवलं आणि प्लग ओढला.

“बापुजी,” ती म्हणाली. त्यांच्याशी बोललेला तिचा तो पहिलाच शब्द. “ही माझ्याकडे बघतेय.”

“बघणारच. मी चाळीस वर्षं डाया करतोय, माझ्याकडेही बघते.” त्यांचा आवाज देवळातल्यासारखा हलका झाला होता. “तिथं डोळ्यांचं ऐकायचं नाही. प्लग काढलास ना? मग ब्रशनं भुसा झाड, फुंकू नको, डोळ्यात जाईल. आणि आता बोट घाल.”

तिनं बोट आत सोडलं. डोळ्यांना नाक दिसत होतं, बोट मात्र खड्ड्यात उतरत गेलं. कडेला दाणा लागला. त्याच्या खालच्या अंगाला अजून एक खरबरीत रेघ होती. तिनं डोळे मिटून ती दोनदा चाचपली, मग हात बाहेर घेतला, चष्मा सारखा केला आणि पुन्हा प्लग लावला. या वेळी आवाज एकदाही बसला नाही.

मशीन थांबलं तसं आत बाळ रडायला लागलं. त्या आवाजातच झोपायची सवय त्याला. लाभुबा उठून आत गेल्या.

रसीलानं डाय पुसली, मऊ मेण आत दाबलं आणि अलगद उपटलं. तिच्या तळव्यावर एक इवलीशी पोर आली, हसणारी.

वजुबापांनी ती घेतली. अंगठ्यानं गाल चाचपला, पुन्हा चाचपला. अंगठ्याला काही कळेना. मग त्यांनी मेणाचा तो गाल ओठांना लावला आणि तसेच उभे राहिले.

“आहे,” ते म्हणाले. आणि मान वर करून त्यांनी सुनेकडे पाहिलं.

रसीलाचा हात सवयीनं पदराकडे गेला. तेवढ्यात बाळाला कडेवर घेऊन लाभुबा बाहेर आल्या. त्यांच्या एका बोटाला ताजं काजळ होतं. त्यांनी सुनेचा हात खाली केला आणि ते बोट तिच्या उघड्या कपाळाच्या कडेला टेकवलं.

“आता रोज उघडाच राहणार ना हा चेहरा,” त्या म्हणाल्या. “कुणाची तरी दृष्ट लागेल.”