दुसऱ्या वाटेची ओवी

“काप,” शरयू म्हणाली.

लाइनमन मच्छिंद्रच्या हातातली मोठी कातर थबकली. भोकरदनच्या टेलिफोन केंद्राच्या आवारात चर उघडा होता. चरात काळी केबल. तिच्या पोटात केसाएवढे काचेचे धागे आणि त्या धाग्यांतून जालन्याला पळणारा बोलका उजेड.

“मॅडम, बिलकुल नको!” तिचे वरिष्ठ श्रीपतीराव साहेब पुढं धावले. “उद्घाटनाला लोक फीत कापतात. तुम्ही चक्क केबल कापून राह्यल्या?”

भिंतीवर चढून बसलेली माणसं खदखदली. शरयूही हसली. ही आखणी तिची. चरातली ही केबल राजूरवरून जालन्याला गेली होती, दुसरी जाफराबाद-टेंभुर्णीचा वळसा घेऊन. पुरी बांगडीच. एकीकडं तुटली, तर उजेडानं पापणी लवायच्या आत पाठ फिरवायची आणि दुसरीकडून पोचायचं. साहेबांच्या मते ती दुसरी वाट म्हणजे फुकटचा खर्च. आज बोलणं तुटलं, तर कुंभार पिंपळगावकडची पुढची बांगडी कागदावरच राहणार होती.

टेबलावर स्पीकरचा फोन होता. समोर मच्छिंद्रची आई सगुणाबाई, पदर सावरून बसलेली. पल्याड जालन्यात तिची थोरली बहीण गोजरबाई. शरयूला न खंडणारा आवाज हवा होता.

“मंग माय अन् मावशीलाच बसवा,” मच्छिंद्रनं सुचवलं होतं. “दळण सरतं, यांच्या ओव्या न्हाई सरत!”

खरंच सरत नव्हत्या. लग्नाआधी एका जात्याला बसलेल्या त्या दोघी आज कोसांचं अंतर मधे घेऊन बसल्या होत्या. एकीनं सोडली की दुसरी उचलत होती. आवार डोलायला लागलं. आता गोजरबाईचा सूर चढला,

“जालन्याच्या वाटं गं, बाभळ फुलली सोन्याची,
भोकरदनी नांदते, बहीण माझ्या मनाची...”

“आता!” शरयू ओरडली.

कातर कचकन मिटली.

फोन गप्प झाला.

भिंतीवरचं हसू विरलं. सगुणाबाई तोंडाला पदर लावून केबलच्या दोन तुकड्यांकडं बघतच राहिली. मच्छिंद्रनं कातर खाली ठेवली.

“झालं समाधान?” श्रीपतीराव म्हणाले. “मुकं केलंत ना भोकरदन!”

शरयूनं डोळे मिटले. जाफराबाद, टेंभुर्णी, मधले ओढे, पूल, सगळी वाट ती मनातल्या मनात पळत सुटली. कुठं राहिलं? काय चुकलं?

तेवढ्यात स्पीकरमधून आवाज खणखणला.

“ए सगुणे, झोपलीस का काय गं? माझी कव्हाच सरली. आता तुझी ओवी हाये ना?”