सोमवारची मेणबत्ती

“नीव्हेस, रस्ता ओलांडताना भावाचा हात सोडू नकोस हं!” आईचे शब्द साठ वर्षांनीही नीव्हेसच्या कानात होते. त्या दिवशी हात सुटला आणि टरबुजांच्या ट्रकमागे धावलेला चार वर्षांचा लालो पाइने गावाच्या चौकातच जिवानिशी गेला. आईने तिथे त्याच्या आत्म्यासाठी पत्र्याचं इवलंसं घर उभारलं. दर सोमवारी मायलेकी त्यात मेणबत्ती लावत, गोड पाव खात, त्याच्याशी बोलत. आता तिथेच उड्डाणपुलाचा खांब येणार होता. “आजी, पूल झाला की पोरं सुखरूप शाळेत जातील. घर आम्ही ट्रकमधून पलीकडे नेतो,” इंजिनिअरबाई म्हणाली. “घर न्याल गं, पण तो थोडाच तुमच्याबरोबर येतोय! भारी हट्टी आहे,” म्हणत नीव्हेसने संमतीच्या कागदावर सही केली. आतली जळती मेणबत्ती ओंजळीत घेऊन तिने दोन्हीकडे पाहिलं आणि चार वर्षांच्या पावलांना झेपेलशा बेताने ती रस्ता ओलांडू लागली.