आभाळाचा वेळ

"सुखात आहेस ना गं?" शालनताई दर रविवारी मिरजेहून मस्कतला फोनवर लेकीला विचारायच्या आणि थांबायच्या. समुद्रातल्या केबल तुटल्यापासून प्रत्येक शब्द छत्तीस हजार किलोमीटर उंचावरच्या उपग्रहावरून जायचा, त्यामुळे उत्तर क्षणभर उशिरा यायचं. या उशिराला सगळे 'आभाळाचा वेळ' म्हणायचे. तो सरला की वृंदाचं "हो, आई" ऐकू यायचं.

बऱ्याच वर्षांनी वृंदा माहेरी आली. दोघी समोरासमोर बसून पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. शालनताईंनी सवयीनं विचारलं, "सुखात आहेस ना गं?"

वृंदाचे हात थांबले. तेवढाच वेळ गेला.

"हो, आई."

आता मध्ये आभाळ नव्हतं, नुसती परात होती. शालनताईंनी ती बाजूला सरकवली.