मिटलेला शिंपला

बैल ठेचाळला, गाडी कलंडली आणि पाण्याचं मडकं दगडावर आपटून फुटलं. सगळं पाणी वाळूनं पिऊन टाकलं.

त्र्याहत्तरच्या त्या उन्हाळ्यात सीनेला नदी म्हणायचं ते केवळ सवयीनं. मिरजगावचा डॉक्टर अजून दोन कोस लांब होता. बनुबाईच्या मांडीवरच्या आठ महिन्यांच्या पोराला कालपासून हगवण लागली होती. वाटेत सारखं थोडं थोडं पाणी पाजा, नाहीतर पोर पोचायचं नाही, असं सुईणीनं बजावलं होतं.

"बस गाडीत," तिचा नवरा भिमाजी म्हणाला. "हितं थांबून काय हुनार?"

बनुबाईनं पोर सासूच्या, दगडाबाईच्या, हवाली केलं. जुन्या डोहाच्या जागी ती गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी वाळू उपसू लागली. वरवर शिंपले निघाले, सगळे आ वासलेले, आत नुसती माती. वीतभर खाली आणखी एक लागला. तो गच्च मिटलेला होता. नखं खुपसली तरी फट पडेना.

"आत्याबाई, ह्यो उघडंना!"

"म्हंजी जित्ता हाय," दगडाबाई म्हणाली. "मेला की आपसूक उघडतो. उकर आजून."

"शिंपलं पान्याबिगर म्हैना म्हैना जगतंय," भिमाजी खेकसला. "पोर न्हाई जगायचं!"

त्याचंही खोटं नव्हतं. तो घाबरला की असाच खेकसायचा, हे बनुबाईला ठाऊक होतं. ती उकरत राहिली. बोटांतून रक्त आलं. आणखी दोन शिंपले निघाले, तेही मिटलेले. मग वाळू गार लागली, मग ओली. भिमाजी कासरा टाकून धावत आला आणि तोही उकरू लागला. कोपरभर खोल गेल्यावर तळाला गढूळ पाणी पाझरलं.

बनुबाईनं वाळूवरचा एक उघडा शिंपला उचलून धुतला. घरी पोराला दूध पाजायचा शिंपलाही असाच होता. पदरातून पाणी गाळून तिनं तो भरला आणि पोराच्या ओठांना लावला.

पोर निपचित पडलं होतं. ओठ घट्ट आवळलेले. पाणी ओघळून मानेवर गेलं. दुसऱ्यांदाही तेच झालं.

"तोंड उघडंना... गेलं माझं लेकरू!" बनुबाईनं हंबरडा फोडला.

दगडाबाई रडली नाही. गावात कुणीही गेलं की हनुवटीखाली फडकं बांधायला तिलाच बोलावणं यायचं. स्वतःच्या नवऱ्याची हनुवटीही तिनंच बांधली होती. तिनं नातवाच्या हनुवटीला बोट लावून पाहिलं.

"रडती कशापाई? मेल्याचं तोंड मला बांधून मिटवावं लागतं. ह्यानं आपलं आपन मिटलंय. भर शिंपला."